नाल्याकडची खिडकी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं असं म्हणणं बरं दिसत नाही, पण कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी वीस-बावीस वर्षं काढली ती धीटपणावर नाही, भीतीवर. आमच्या लॅबच्या चारही कोपऱ्यांत कोरड्या वाळूच्या बादल्या आहेत, त्या माझ्या हट्टापायी. पोरं माझ्यामागं मला ‘वाळूवाल्या मॅडम’ म्हणतात. एका गॅदरिंगला कुणीतरी फिशपॉन्ड टाकला होता की, मॅडमच्या घरी फोडणी करपली तर कढईत वाळूच पडते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "खोटं काय आहे त्यात?" आमच्या गॅसच्या शेगडीशेजारी खरोखरच वाळूचा डबा असतो.

या भीतीची सुरुवात एम.एस्सी.ला असताना झाली. बाटलीत फॉस्फरस पेंटासल्फाइडचा हिरवट पिवळा गोळा घट्ट बसला होता आणि मी घाईघाईनं स्टीलच्या चमच्यानं तो खरवडायला गेले. नुसतं घासल्यानं त्यानं पेट घेतला. मी पाण्याचं बीकर घ्यायला वळले, तेव्हा आमच्या सरांनी मागून माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं आगीवर वाळू ओतली. "पाणी कुठं आणतेस? पाणी म्हणजे त्याचं खाद्य," एवढंच ते म्हणाले. आग विझली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्याला मारूही शकते.

तेव्हापासून या सगळ्या घराण्याची कुंडली माझ्याकडे पाठ आहे. फॉस्फरसचे चार अणू चौकट धरून बसतात आणि त्यांच्यामध्ये गंधक शिरतं. किती शिरतं, त्यावर पुढचा स्वभाव ठरतो. गंधकाचे तीन अणू असले तर ते सेस्क्विसल्फाइड. पूर्वी कुठंही घासली तरी पेटणारी आगकाडी मिळायची, तिच्या गुलात हे असायचं. घासलं की पेटणार, पण थंड पाण्याशी त्याचं फारसं भांडण नाही. दहा अणू शिरले की ते पेंटासल्फाइड. वितळायला त्याला तीनशे अंशांच्या जवळ जावं लागतं, पण पेट घ्यायला दीडशेही लागत नाहीत. आणि पाणी त्याला अजिबात सोसत नाही. आमच्याकडची आषाढातली ओली हवासुद्धा पुरते. पाणी मिळालं की ते मोडतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, कुजलेल्या अंड्याच्या वासाचा.

या वायूबद्दल मी दरवर्षी वर्गात एकच गोष्ट दहा वेळा सांगते. थोडा असेल तर फार वास येतो. फार असेल तर वास येतच नाही, कारण पहिल्यांदा तो नाकच बधिर करतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, बसलेल्या माणसाला आधी गाठतो. म्हणून वास आला की शहाणे व्हा, आणि येणारा वास अचानक थांबला तर पळा. आणि आत कुणी पडलेलं दिसलं तर तसंच धावत आत शिरू नका, कारण वाचवायला गेलेला माणूसही तिथंच पडतो. पोरं ही वाक्यं माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.

एवढं सगळं जिला पाठ, त्या बाईचं नाकच गेलं. कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला. चार दिवसांत तो उतरला आणि जाताना माझा वास घेऊन गेला. येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. दूध उतू जाऊन करपलं तरी मला कळेना. घरी नवऱ्याला सांगितलं. कॉलेजात सांगितलं नाही. नाक गेलं म्हणायचीही सोय नसते, आपल्याकडे त्याचा भलताच अर्थ होतो. पण खरं कारण वेगळं होतं. त्याच वर्षी मी विभागप्रमुख झाले होते आणि ज्या बाईला अमोनिया आणि अत्तर यांतला फरक कळत नाही, तिच्या हाताखाली लोक काम कशाला करतील, ही धास्ती मला लागून राहिली होती. मग मी युक्त्या शिकले. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. त्यानं नाक मुरडलं की आपणही मुरडायचं.

आणि मामा होते. मामा म्हणजे आमच्या लॅबचे परिचर. वय सत्तावन्न, राहायला पेठ वडगावजवळच्या एका गावात. सकाळी म्हशींच्या धारा काढून, दूध डेअरीला घालून मोटरसायकलवरून ते कॉलेजात यायचे आणि त्यांचे दहा म्हणजे दहा. इंग्रजी वाचता येत नसलं तरी बाटली जागेवरून, रंगावरून आणि वासावरून ओळखायचे. आल्या आल्या सामानाच्या खोलीत एक चक्कर मारायची आणि मला खबर द्यायची: "मॅडम, अमोनियाचं बूच ढिलं हाय." "मॅडम, शिंकमध्ये कुणीतरी ॲसिड वतलंय." मी मान डोलवायची, जणू मलाही तो वास आलाच होता. अशी माझी दोन वर्षं त्यांच्या नाकावर चालली.

सामानाच्या खोलीला मागच्या नाल्याकडे एक खिडकी होती, ती कायम उघडी असायची. त्या खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर, पेंटासल्फाइडची एक अर्ध्या किलोची बाटली होती. निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी संशोधनासाठी मागवलेली, निम्म्याहून जास्त भरलेली. ती मी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवली होती. वर लाल कागद चिकटवून पाण्यापासून लांब ठेवा असं लिहिलं होतं, इंग्रजीत. इंग्रजीत का लिहिलं, याला माझ्याकडे सवय यापलीकडे उत्तर नाही. ती बाटली रीतसर नष्ट करायला पाठवायचं पत्रही मी तयार केलं होतं. एवढ्याशा मालासाठी गाडी येत नाही, असं फोनवर कळल्यावर ते पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. मामांना मी एवढंच बजावलं होतं की त्या बाटलीला हात लावायचा नाही.

आता खंडेनवमीला आमच्याकडे काय चालतं ते सांगायला हवं. कारखान्यात यंत्रांची होते तशी आमच्या लॅबमध्ये उपकरणांची पूजा होते. तराजूला हार, ब्यूरेटला हळदकुंकू, बाटल्या पुसून-धुऊन ओळीनं मांडलेल्या. हे सगळं खातं मामांचं. वर्षभर मी त्यांना सांगायची, त्या एका दिवशी ते मला सांगायचे. आणि त्यांचा एक नियम होता की कुणाला वगळायचं नाही. वगळलेलं रुसतं. जे जास्त कडक त्याचा मान आधी, हा हिशोब त्यांनी गावच्या देवांवरून लॅबलाही लावला होता. इतकी वर्षं ते वरच्या फळीवरच्या त्या बाटलीला खालूनच हात जोडत आणि पिशवीला कुंकवाचं बोट लावत. मी बघून हसायची. त्या वर्षी पिशवी पार मळलेली, धुळीनं चिकट झालेली त्यांना दिसली. कडक देवाला असं पारोसं कसं ठेवायचं, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी बाटली खाली काढली, पिशव्या सोडवल्या आणि इतर बाटल्यांबरोबर कोमट पाण्याच्या टबात भिजत घातली. तिचं प्लॅस्टिकचं झाकण जुनं होऊन तडकलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या सकाळी मी व्हरांड्यात झेंडूच्या माळा सोडवत होते. दोन नव्या प्राध्यापिका रांगोळी घालत होत्या, धूप पेटला होता, अकराला प्राचार्य आरतीला यायचे होते. मामा हात पुसत खोलीतून बाहेर आले.

"मॅडम, आत कसला तरी वास मारतोय बघा. या की जरा."

मी दारापर्यंत गेले. आत पाऊल टाकलं असतं तर कपाटाआडचा टब दिसला असता. पण माझं सगळं लक्ष पाठीमागं होतं. रांगोळी घालणाऱ्या दोघींनी मान वर केली होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी हवा आत ओढली. काहीच आलं नाही, येणारच नव्हतं. मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्यांनी नाक मुरडलेलं होतं. मग मीही मुरडलं.

"नाल्याचा आहे, मामा. पाऊस गेला की मारतोच तो. खिडकी लावून घ्या आणि दारही ओढा, आज पाहुणे यायचेत."

"नाल्याचा वाटंना मला."

"नाल्याचाच आहे."

"बरं," म्हणून ते आत गेले. नाल्याकडच्या खिडकीची कडी सरकल्याचा आवाज मी ऐकला. मग दार ओढलं गेलं.

पुढचा अर्धा तास मी माळा लावल्या, दोघींच्या रांगोळीत चुका काढल्या, चहा घेतला. त्या अर्ध्या तासाचा विचार आजही मला सहन होत नाही. नंतर त्या दोघी म्हणाल्या की मधूनच घाण वास आला होता, पण केमिस्ट्रीत वास यायचाच, आणि वर धूप होता.

आरतीला चांदीचं निरांजन हवं होतं. ते मामांनी सकाळी राखेनं घासून लख्ख केलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. ते आणायला मी दार उघडलं. निरांजन दाराजवळच्या टेबलावर होतं आणि तपकिरी पडलं होतं, कडेला तर काळं. चांदीला तासाभरात काळं करणारी हवा कसली असते, हे मला नाक नसतानाही कळतं.

मामा पलीकडे फरशीवर बसले होते, कपाटाला पाठ टेकून. समोर टब, टबातून बारीक बुडबुडे. डोळे लाल, पाणी वाहत होतं.

"मामा, वास येतोय?"

"मगाशी लई येत हुता," ते जड जिभेनं म्हणाले. "आता गेला की."

आणि त्यांची मान एका बाजूला पडली.

मी दारातच उभी राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आत जाऊ नका, हे वाक्य मीच शिकवलेलं. या खोलीत किती वायू आहे हे सांगणारं माझ्याजवळ काहीच नव्हतं. मला मरायचं नव्हतं, हे मी अगदी स्पष्ट लिहिते. मामा समोर पडलेले असताना माझ्या मनात पहिल्यांदा आला तो माझाच जीव. मग मी मागं वळून व्हरांड्यात ओरडले, सगळ्यांना मैदानात पळा म्हणून सांगितलं, खोल श्वास घेतला, तोंड मिटलं आणि आत शिरले. मामा अंगानं दणकट. एरवी मला हललेही नसते. पण फरशीवर साबणाचं पाणी सांडलेलं होतं, त्यावरून त्यांना दोन्ही बगलांत धरून ओढत आणलं. उंबऱ्याला त्यांची पाठ अडकली तेव्हा माझा श्वास संपत आला होता. तिथं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. बाहेर मोकळ्या हवेत त्यांना टाकलं तेव्हा त्यांचे ओठ निळे होते. कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते आणि छाती हलते की नाही, ते मला कळत नव्हतं.

मामा वाचले. तीन दिवस अतिदक्षता विभागात होते, मग वॉर्डात. पहिल्या दिवशी त्यांची बायको दवाखान्याच्या पायरीवर मला भेटली आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या पाया पडली. "मॅडम, तुमी नसता तर माझं कुकू पुसलं असतं," म्हणाली. मी तिला उठवलं. तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. कॉलेजात तर मला हिरकणी करून ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. मी नाही म्हटलं की लोक त्यालाही विनय समजायचे.

मामांना काय आठवतं, या एकाच भीतीत माझे ते दिवस गेले. रोज दवाखान्यात जायची ती त्यांच्या काळजीनं आणि या भीतीनंही, दोन्ही. मग कळलं की त्यांना काहीच आठवत नव्हतं. तराजूला हार घातला इथपर्यंत आठवायचं, पुढं सगळं पुसलेलं. मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

चौकशी समिती बसली. बाटली हाताळायला मनाई असताना हाताळली, खिडकी-दार बंद करून काम केलं, असा परिचराचा निष्काळजीपणा, असा अहवालाचा मसुदा माझ्या सहीसाठी आला. मी तो दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. तेव्हा ते घरी आले होते.

"मॅडम, एक इचारू? खिडकी मी कशी लावली आसंल वो? आट्ठावीस वर्सांत ती खिडकी मी कवा लावली न्हाय. सारखा इचार करतोय, पर डोकंच चालंना झालंय. आमच्या मंडळींस्नी म्हनलं, आता ह्या डोक्याचा काय भरवसा न्हाय."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. ज्या माणसाचा जीव माझ्या खोटेपणानं जाता जाता वाचला, तो आता स्वतःच्या डोक्यावर संशय घेत होता. त्या रात्री मी मसुद्याच्या मागच्या बाजूला सगळं लिहून काढलं. माझा वास दोन वर्षांपूर्वी गेला, तो मी लपवला. मामांनी मला विचारलं होतं. खिडकी आणि दार त्यांनी माझ्या सांगण्यावरून लावलं. बाटलीवरची सूचना त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत मी लिहिली होती. सकाळी ते प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. सत्कार आपोआप रद्द झाला. विभागप्रमुखपदाचं काय व्हायचं ते होईल, त्याची मला आता तेवढी भीती वाटत नव्हती. वाटत होती ती मामांच्या घरी जायला वडगावच्या रस्त्याला लागताना.

मामा सोप्यात खुर्चीवर बसले होते, गळ्याला मफलर, आवाज अजून घोगरा. मी पेढ्यांचा पुडा मांडीवर धरूनच सगळं सांगितलं, एका दमात, समितीला लिहिलं तेही. खिडकी तुमच्या डोक्यानं नाही लावली, मामा, मी लावायला सांगितली. ते ओरडतील, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी मफलर सारखा केला. बाहेर म्हशीनं साखळी ओढल्याचा आवाज येत होता.

"म्हंजे मी तुमास्नी इचारलं हुतं," ते म्हणाले.

"हो."

"आनि तुमी नाल्याचा म्हनाला."

"हो."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, म्हशींच्या गोठ्याकडे बघत म्हणाले, "नातीला आननार हुतो मी त्या दिशी. पूजा बघायची म्हणून आदल्या दिसापास्नं मागं लागलीती. आंघूळ घालून गाडीवर बसिवलीबी हुती. मग तिनं चहाचा कप अंगावर सांडला, फराक खराब झाला, म्हनून ठेवून आलो. रडत हुती लई."

मी मांडीवरचा पुडा दोन्ही हातांनी धरला.

"माझ्याजवळच बसली असती," ते म्हणाले. "फरशीवर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर मला बरं वाटलं असतं. फरशीपासून चार वर्षांच्या मुलीचं नाक किती उंचावर येतं, हा हिशोब मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेवढ्यात तीच आतून पळत आली. दोन वेण्या, तोंडाला काहीतरी खाल्ल्याच्या खुणा. मला ती ओळखत होती, कॉलेजात दोनदा येऊन माझ्या टेबलावर बसून गेली होती. तिला पेढ्यांचा पुडा दिसला आणि ती सरळ माझ्याकडे वळली. मी पुडा पुढं केला.

"बाळ, हिकडं ये," मामा म्हणाले.

ती थांबली. मामांनी खुर्चीतूनच हात लांब करून तिला दंडाला धरून ओढलं, मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात तिच्याभोवती ठेवले. मग मला म्हणाले, "चहा घेऊन जावा, मॅडम." मी चहा घेतला, पुडा कोनाड्यात ठेवला, त्यांच्या बायकोशी चार शब्द बोलले. मी निघेपर्यंत त्यांनी ते हात सोडले नव्हते.